रायफल आपल्या अंगाला बसवायची कशी आणि छर्रे निवडायचे कसे

यूट्यूबवर अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून बघून आपल्याकडच्या पोरांना हल्ली दोन गोष्टींचं वेड लागतं. एक म्हणजे रायफल मनासारखी कस्टमाइझ करायची, आणि दुसरं म्हणजे घरच्या टेबलावर प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) मांडून, पितळी पुंगळ्या, बंदुकीची दारू, प्रायमर (दारू पेटवणारा भाग) असं सगळं जमवून आपली काडतुसं आपणच भरायची. पहिल्याबद्दल, १० मीटर एअर रायफलपुरतं, खाली भरपूर बोलतो. दुसऱ्याचं आधीच सांगून टाकतो, नाद सोडा. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ मध्ये काडतूस बनवणं, बंदुकीत फेरफार करणं, अगदी तिची दुरुस्ती करणं यालाही वेगळं लायसन्स लागतं, तुमच्याकडे बंदूक बाळगायचं लायसन्स आहे म्हणून हे आपोआप चालत नाही. कांदिवलीच्या वन बीएचकेमध्ये किचनच्या ओट्यावर हा उद्योग करायची गोष्टच नाही.

आणि खरं सांगू का, आपल्याकडच्या स्पोर्ट शूटिंगला त्याची गरजही नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला ब्राँझ आणलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचा प्रकार), ती पॉइंट टू टूची, म्हणजे ०.२२ इंची रायफल, त्या काडतुसाचा प्रायमर बुडाच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे एकदा उडालं की ते परत भरायचा प्रश्नच येत नाही. मग हे टॉपचे शूटर काय करतात? वेगवेगळ्या लॉटची (कारखान्यातून एकत्र निघालेल्या बॅचची) काडतुसं आपल्या बॅरलमधून मारून बघतात आणि जो लॉट जमतो तो उचलून ठेवतात. १० मीटर एअर रायफलमध्ये आपण छर्र्यांच्या बाबतीत हेच करणार आहोत, आणि रायफल कस्टमाइझ करायची सगळी हौसही इथे कायद्यात राहून पुरेपूर भागते.

कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमी बोअरपर्यंतची (नळीचं आतलं माप) आणि २० जूलपर्यंत ताकदीची एअर रायफल लायसन्सशिवाय घेता येते. मॅच रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, सुटतो सेकंदाला १७०-१७५ मीटरने, म्हणजे ताकद जेमतेम आठ जूल. त्यामुळे आपण मर्यादेच्या खूप आत आहोत आणि आतच राहायचं. कोणी सांगेल अमुक स्प्रिंग टाका, तमुक वॉल्व्ह बसवा, पॉवर दुप्पट होते. ऐकू नका. टार्गेटवर पॉवरचा शून्य फायदा आणि २० जूलच्या पुढे गेलात तर लायसन्स नसलेलं हत्यार घरात, कशाला पाहिजे ते. खरेदीची पावती आणि ओळखपत्राची झेरॉक्स रायफलच्या बॅगेत कायम ठेवा.

आता किती बारीक गोष्टीसाठी ही सगळी खटपट चाललीय ते आधी समजून घ्या, नाहीतर अर्धे लोक उगाच पैसे घालतात.

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा ४.५ मिमीचा. ठिपक्याला छर्र्याची कड शिवली की दहा, म्हणजे छर्र्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिमीच्या आत पडला तर दहा. पूर्वी एवढ्यावर भागायचं. सुमा शिरूरने २००४ ला क्वालालंपूरला आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० मारले तेव्हा दहा म्हणजे दहा होते. २०१३ पासून क्वालिफिकेशनलाही दशांशात मोजायला लागले, १०.० ते १०.९, साठ शॉट्स, कमाल ६५४. म्हणजे त्या अडीच मिमीचे दहा तुकडे झाले आणि एकेक दशांश पाव मिलिमीटरचा. हा पाव मिलिमीटर डोक्यात पक्का ठेवा, पुढचं सगळं त्यावरच मोजायचंय.

हत्यारं काय लागतील? फार नाही. चांगल्या अॅलन कीचा सेट, छोटा टॉर्क रेंच, वर्निअर कॅलिपर, स्टीलची पट्टी, मास्किंग टेप, पेन्सिल आणि एक शंभर पानी वही. नागदेवी स्ट्रीटला हे सगळं एका फेरीत मिळतं, फक्त अॅलन की स्वस्तातल्या घेऊ नका, त्यांचे कोपरे गोल होतात आणि मग त्या ॲल्युमिनियमच्या स्टॉकमधले (रायफलच्या दांड्यामधले) स्क्रू खातात, आणि तो एक स्क्रू जर्मनीहून मागवायला जे लागतं त्यात दहा सेट आले असते. वहीला हसू नका. हा सगळा खेळ वहीचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, किती मिमी बदलली ते लिहायचं, तीच ठेवून निदान तीन-चार सेशन मारायची आणि मगच पुढची. आपल्याकडे काय होतं, शनिवारी क्लबात जायचं, दोन आठ लागले की बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) खाली, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) वर, ट्रिगर मागे असं सगळं एकदम फिरवायचं आणि मग दोन दहा लागले तर कशाने लागले ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. बदलायच्या आधी प्रत्येक सरकणाऱ्या भागावर मास्किंग टेपवर पेन्सिलने रेघ मारा आणि मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे नाही जमलं तर परत जागेवर येता येतं.

बसवायची सुरुवात

रायफल हातात घ्यायच्या आधी पूर्ण किट घाला. जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह, सगळं. मे महिन्याच्या उकाड्यात जीव नको होतो मान्य आहे, पण नुसत्या टीशर्टवर बटप्लेट लावली आणि मग त्या जाड कॅनव्हासच्या जॅकेटवर मारायला गेलात तर सगळी मापं सेंटीमीटरने चुकतात.

आधी रायफलशिवाय उभे राहा. पाय खांद्याएवढे लांब, डावी कड टार्गेटकडे (डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचा), डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकेल असं. बऱ्याच लोकांचं कोपर हाडावर न टेकता बरगडीला नुसतं चिकटलेलं असतं आणि मग पाच किलोची रायफल स्नायूंवर येते, चाळिसाव्या शॉटला हात थरथरायला लागतो आणि मग दोष छर्र्याला. वजन हाडांवरून खाली जमिनीत गेलं पाहिजे. कोणाचा हात आखूड, कोणाचं धड लांब, त्यामुळे कोपर टेकवल्यावर मूठ कुठपर्यंत येते ते प्रत्येकाचं वेगळं, आणि म्हणून फोरएंडखाली (डाव्या हातावर टेकणाऱ्या पुढच्या भागाखाली) ठोकळा लावून उंची वाढवायची सोय असते. ती वाढवताना बॅरलच्या मध्यरेषेपासून खाली १२० मिमीच्या पुढे जाऊ नका, नियमात बसत नाही. पाम रेस्ट (तळहातासाठीचा वेगळा आधार) तर एअर रायफलला अजिबात चालत नाही.

मग बटप्लेट. आधी उंची, नंतर लांबी. डोकं ताठ ठेवून समोर बघा आणि कोणाला तरी रायफल तुमच्या खांद्यात आणून ठेवायला सांगा. रायफल डोक्याकडे आली पाहिजे, डोकं रायफलकडे जायचं नाही. साइट (नेम धरायचं साधन) डोळ्याच्या खाली राहत असेल तर बटप्लेट खाली सरकवा म्हणजे रायफल वर येईल, हे उलटं वाटतं म्हणून सांगतोय, निम्मे नवखे इथे भलतीकडेच फिरवतात. लांबीचं असं, की उजव्या हाताने ग्रिप पकडल्यावर खांदा पुढे ओढला जायला नको आणि मनगटही दुमडायला नको. लहान मुलांच्या बाबतीत पालक मोठी लांबी ठेवतात, वाढत्या अंगाचा शर्ट घेतल्यासारखी, त्याचा काही उपयोग नाही, मुलगा वाढेल तेव्हा बटप्लेटही वाढवता येते.

चीकपीस सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ देऊन. आमच्या क्लबात कॉलेजची एक मुलगी आहे, तिचे शॉट सारखे डावीकडे, घड्याळातल्या नऊच्या दिशेला जायचे आणि ती दर वेळी साइट फिरवत बसायची. कोचने तिला रायफल उचलायला लावली, डोळे मिटून गाल ठेवायला सांगितला आणि मग उघडायला सांगितले. डोळा साइटच्या छिद्रासमोर नव्हताच. चीकपीस कमी उंच आणि बाहेरच्या बाजूला सरकलेला, त्यामुळे ती दर वेळी मान वाकवून गाल दाबून डोळा मध्ये आणायची, गालावर लाल वळ उठायचा इतका दाब, आणि शॉट सुटताना मानेचा ताण किंचित ढिला व्हायचा. चीकपीस सहा मिमी वर आणि जरा आत घेतला, बाकी काहीच बदललं नाही. ग्रुप, म्हणजे शॉट्सचा पुंजका, मध्यावर आला. ही डोळे मिटायची टेस्ट प्रत्येक बदलानंतर करा. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. साइट आणि टार्गेट आपसूक एका रेषेत असलं पाहिजे. डावी-उजवीकडे असेल तर पाय फिरवा, हात फिरवू नका. वर-खाली असेल तर बटप्लेट किंवा फोरएंडवरची हाताची जागा.

समतोलाचं थोडक्यात. डाव्या हाताच्या थोडं पुढे वजन असलं की नळी शांत राहते, जास्त पुढे गेलं की पाठ भरून येते. वजनं वीस-तीस ग्रॅमच्या टप्प्याने लावा आणि एकूण रायफल साइटसकट साडेपाच किलोच्या आत ठेवा, तो नियमच आहे. बारीक अंगाच्या मुलामुलींनी साडेपाचपर्यंत जायचा हट्ट धरू नये. स्टॉकमध्ये ॲक्शन (नळी आणि तिची यंत्रणा) बसवणारे स्क्रू मात्र अंदाजाने आवळू नका, मॅन्युअलमध्ये टॉर्क दिलेला असतो तेवढाच द्या, आणि दर वेळी तेवढाच, कारण हे स्क्रू सैल झाले की ग्रुप कारण नसताना फाटतो.

साइट

ओपन साइट कॅटेगरीत मारणाऱ्यांना हा भाग फारसा लागू नाही, पीप साइटवाल्यांसाठी (मागे बारीक छिद्र, पुढे रिंग) आहे. मागच्या साइटपासून डोळा साधारण चार-पाच बोटं लांब ठेवा, आयरिस (छिद्र लहानमोठं करायची सोय) असेल तर छिद्र १.१-१.२ मिमीच्या आसपास. फार बारीक केलं तर कडा खूप शार्प दिसतात आणि मन खूश होतं पण प्रकाश कमी होतो आणि डोळा थकतो, पावसाळ्यात रेंजवर उजेड कमी असतो तेव्हा तर लगेच जाणवतं.

पुढच्या रिंगचा साइज लोक मित्राला विचारून ठरवतात. तसं न करता हिशोब करा, सोपा आहे. टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा, दहा मीटरवर. तुमच्या डोळ्यापासून पुढची साइट समजा ९० सेंमीवर, म्हणजे तिथे तो गोल पावणेतीन मिमीचा दिसणार. त्याभोवती चारी बाजूंनी स्वच्छ पांढरी कड दिसायला हवी, तर रिंग ३.८ ते ४.२ च्या मध्ये कुठेतरी येते. नवीन असाल तर मोठीकडून सुरुवात करा. लहान रिंगमध्ये आपलं हलणं जास्त दिसतं, मग माणूस घाबरून ट्रिगर खेचतो. मोठ्या रिंगमध्ये गोल आपोआप मध्ये बसतो, डोळ्याला ते जमतंच.

रायफल जरा आत कलली तरी चालते का, हा प्रश्न हमखास येतो. चालते, पण दर वेळी तेवढीच. याचाही हिशोब बघा. छर्रा दहा मीटर जायला साधारण ०.०६ सेकंद घेतो आणि तेवढ्यात १७ मिमी खाली पडतो, म्हणजे नळी साइटच्या रेषेपेक्षा तेवढी वर रोखलेली असते. एक अंश कललात की हे १७ मिमी बाजूला झुकतात आणि शॉट ०.३ मिमी सरकतो. एका अंशाला एक दशांश गेला. पाच अंश कमीजास्त झालं तर दीड मिमी. म्हणून घरी आरशासमोर उचलून बघा, कोणाला तरी समोरून फोटो काढायला लावा. रायफलवर स्पिरिट लेव्हल लावायची आयडिया सगळ्यांनाच सुचते, मॅचला ती बंद आहे.

आणि रेंजवर गेल्यावर आधी साइट जागेवर आहे का बघा, मगच स्कोअर मोजा. २००८ ला बीजिंगला अभिनव बिंद्राने फायनलच्या आधी सायटिंगचा (साइट तपासायचा) पहिला शॉट मारला तो चारात गेला. एवढ्या मोठ्या मॅचला, तेवढ्या थोड्या मिनिटांत, क्लिक फिरवून त्याने साइट परत आणली आणि शेवटचा शॉट १०.८ मारून सुवर्ण घेतलं. तुमच्या साइटचा एक क्लिक तुमच्या रायफलवर किती मिमी सरकवतो ते माहीत नसेल तर हे जमणार नाही. दहा क्लिक फिरवा, पाच शॉट मारा, ग्रुप किती हलला ते मोजा, दहाने भागा, वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

ट्रिगरबद्दल एवढंच, की एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची (किती दाबावर सुटतो त्याची) खालची मर्यादा नाही (पिस्तूलला ५०० ग्रॅम आहे) म्हणून पोरं तो इतका हलका करतात की बोट लागताच उडतो. शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवा. पहिला टप्पा स्पष्ट जाणवावा, मग भिंत लागावी, मग तिथे थांबून सोडता यावं. हलका केल्यावर, छर्रा न घालता, नळी कोणाकडेही रोखलेली नसेल अशी धरून, रायफलचं बूड रबराच्या चटईवर हलकेच आपटून बघा. आपोआप सुटला तर लगेच परत जड करा. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर काटकोनात यावं म्हणून ब्लेड पुढेमागे करता येतं, ते वेळ घेऊन करा.

छर्रे

आता ज्याच्यासाठी बरेच जण इथपर्यंत आलेत ते. मॅचचा छर्रा पुढून सपाट असतो, कागदात गोल भोक कापतो, स्कोअर नीट मोजता यावा म्हणून. डब्यावर दोन गोष्टी बघा, डोक्याचा व्यास, म्हणजे ४.४९, ४.५०, ४.५१ असं काहीतरी, आणि बॅच नंबर. आरडब्ल्यूएसचे आर१०, एच अँड एनचे फिनाले मॅच, जेएसबी, झालंच तर चिनी क्यूवायएस, ही नावं तुम्हाला रेंजवर कानावर पडतीलच. त्यात कुठला चांगला हा प्रश्न अर्धवट आहे. तुमच्या बॅरलला कुठला चांगला हे विचारा, कारण शेजारच्याच्या त्याच मॉडेलच्या रायफलला जो डबा सोन्यासारखा चालतो तो तुमच्यात नुसता पसरू शकतो. रायफलसाठी ०.५३ ग्रॅमचेच घ्या, पिस्तूलचे हलके असतात, चुकून उचलू नका.

टेस्ट कशी करायची. व्हाइस असलेला क्लब मिळाला तर उत्तम, रायफल शिकंज्यात बसवून माणसाचा हात बाजूला काढता येतो. नाही मिळाला तर टेबलावर वाळूची पिशवी, फोरएंड दर वेळी पिशवीवर त्याच जागी, आणि तुमच्यातला सगळ्यात शांत माणूस मागे बसवा. बॅरल साफ केली असेल तर आधी वीस-पंचवीस छर्रे असेच घालवा. मग एका बॅचचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप. पाचचा ग्रुप बघून डबे घेऊ नका, पाच शॉटला कुठलाही बॅच नशिबाने एका भोकात जातो. ग्रुपची बाहेरची कड ते कड वर्निअरने मोजा, त्यातून ४.५ वजा करा, राहिलं ते मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. अडीच मिमीच्या आत तिन्ही ग्रुप आले तर तो बॅच घ्यायला हरकत नाही, दीडच्या जवळ आला तर दुकानातले त्या नंबरचे जेवढे डबे परवडतात तेवढे घ्या. आणि बॅच नंबरचा तो स्टिकर वहीत चिकटवा. दुकानदार म्हणेल साहेब सेम टू सेम आहे, फक्त नंबर वेगळा. सेम नसतो. नवीन बॅच म्हणजे नवीन टेस्ट.

आता वजन करण्याबद्दल, कारण हातात मिलिग्रॅमचा काटा आला की रिलोडिंगची, म्हणजे घरी काडतुसं भरायची, सगळी हौस इथे उफाळून येते. झवेरी बाजारात सोनारांसाठीचे काटे मिळतात, एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारे. रात्री जेवणं झाल्यावर पाचशेचा डबा ओतून ०.५३०, ०.५३२, ०.५२७ अशा कप्प्यांत वाटत बसायला मजा येते, मीही बसतो. पण फायदा किती? वजनात एक टक्का फरक पडला, म्हणजे पाच मिलिग्रॅम, तर वेग साधारण अर्धा टक्का बदलतो आणि छर्रा ०.१७ मिमी वर-खाली लागतो. एक दशांशही नाही. चांगल्या डब्यात एवढा फरक क्वचितच निघतो. त्यापेक्षा काटा बाजूला ठेवून छर्र्याचा मागचा घेर बघा. ट्यूबलाइटखाली पांढऱ्या कागदावर एकेक उलटा उभा करायचा, घेर गोल आहे का, कुठे दबलाय का, आत शिशाची कुसळं आहेत का. घेर दबलेला छर्रा बॅरलमध्ये नीट हवाबंद होत नाही आणि तो शॉट कुठेही जातो, तुम्ही मात्र रात्रभर विचार करता की श्वास चुकला की ट्रिगर. असे छर्रे वेगळ्या डबीत टाका, ते साफसफाईनंतर बॅरलमधून घालवायला चालतात. डबा हलवत आणू नका, बॅगेत चेंडूसारखा आपटत आला की घरी पोचेपर्यंत चांगल्या छर्र्यांचेही घेर दबतात. आणि हे शिसं आहे, तोंडात धरायची सवय असेल तर आजच सोडा, मारून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

हवा

वेग सारखा राहिला नाही तर वरची सगळी मेहनत पाण्यात. सेकंदाला तीन मीटरचा फरक पडला की छर्रा ०.६ मिमी वर-खाली, म्हणजे दोन दशांशांहून जास्त, वजनाच्या फरकापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट. म्हणून क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र) कोणाकडे असेल तर वर्षातून एक-दोनदा वीस शॉट मोजून घ्या. वेगात चढउतार दिसला तर रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) स्वतः उघडू नका, दोनशे बारची हवा आहे, ते काम शिकलेल्या माणसाचं. रायफलचा हवेचा सिलिंडर हळू भरा, घाईत भरला की तापतो आणि थंड झाल्यावर प्रेशर खाली येतं. हातपंप वापरत असाल तर मुंबईची दमट हवा सरळ सिलिंडरमध्ये जाते, पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर लावा आणि तो वेळच्या वेळी बदला. साधं तेल, डब्ल्यूडी ४० वगैरे हवेच्या वाटेत कुठेही नको, दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं, सीलला सिलिकॉन ग्रीसच. सिलिंडरवर बनवल्याची तारीख असते, त्यापासून दहा वर्षं झाली की तो बाद. सेकंडहँड रायफल स्वस्तात मिळते तेव्हा बहुतेक वेळा हाच सिलिंडर संपत आलेला असतो, आधी तारीख बघा मग भाव करा.

पावसाळा आणि प्रवास

जून ते सप्टेंबर रायफल फोमच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका. फोम ओल धरतो आणि गणपतीत केस उघडली की स्क्रूंवर तांबूस ठिपके. कपाटात उभी ठेवा, कुलूप लावून, बाजूला सिलिका जेलची पाकिटं, निळ्याची गुलाबी झाली की तापवून परत वापरता येतात. वरळीसारख्या समुद्राजवळच्या रेंजवरून आलात तर बाहेरचं लोखंड कोरड्या फडक्याने पुसून मग किंचित तेलाचा हात फिरवा, छर्रा घालायच्या जागेपासून लांब. क्लबातल्या जुन्या लाकडी स्टॉकच्या रायफली पावसात फुगतात, त्यांचा टॉर्क दर पंधरवड्याला तपासा. जॅकेट हँगरवर पंख्याखाली वाळवा, घामाचं जॅकेट बॅगेत राहिलं तर त्यावर बुरशी येतेच आणि चामड्याचा भाग एकदा कडक झाला की वर केलेली सगळी मापं बिघडतात.

घरी सराव करायचा तर छर्र्याशिवाय, ड्राय फायरवर. दहा मीटर मोकळी जागा आपल्या घरात कोणाकडे असते? पाच मीटरवर १५.२५ मिमीचा काळा गोल प्रिंट करून भिंतीला लावा, साइटमधून तेवढाच दिसतो. पडदे ओढून घ्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना खिडकीत रायफल रोखलेला माणूस दिसला तर त्या आधी पोलिसांना फोन करणार आणि मग तुमच्या आईला, आणि दोन्ही भारी पडतं. गॅलरीत कबुतरांवर वगैरे छर्रे उडवायचे नाहीत हे सांगायला लागू नये पण सांगतो.

लोकलमधून नेताना हार्ड केस, कुलूप, आत सेफ्टी कॉर्ड (नळी रिकामी आहे हे दाखवणारी दोरी) नळीतून घातलेली, छर्रे वेगळ्या बॅगेत, कागद खिशात. सकाळी साडेआठच्या विरार फास्टमध्ये मीटरभर लांबीची केस घेऊन चढायचा विचारसुद्धा करू नका, पहाटेची किंवा अकरानंतरची गाडी धरा. स्टेशनवर कोणी विचारलं तर नम्रपणे स्पोर्ट्स एअर रायफल सांगा आणि क्लबचं कार्ड दाखवा, प्लॅटफॉर्मवर केस उघडून दाखवायची हौस नको. विमानाने मावळणकर स्पर्धेला किंवा नॅशनलला निघालात (मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती आपले दादासाहेब, नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली त्यांनीच उभी केली) तर सिलिंडर रिकामा करून रायफलपासून सुटा ठेवा आणि एअरलाइनला आधी कळवा. पोचल्यावर पहिली रांग इक्विपमेंट कंट्रोलची. तिथे वजन, जॅकेटची जाडी, स्टॉकची मापं सगळं तपासतात, आणि ठोकळा तीन मिमी जास्त निघाला तर तो तिथेच उभ्याउभ्या कमी करावा लागतो. म्हणून वहीतली मापं आणि त्या मापाच्या अॅलन की हातातल्या बॅगेत असू द्या.